गुणी मुलीच्या पोटातला गोळा

पोटात काहीच नसताना पोट कसं दुखतं? ओवा खाऊन झाला, सोनोग्राफी झाली, आईने दृष्टही काढली. डॉक्टर म्हणाले, काही नाही. बाबा म्हणाले, नाटकं. तरी रोज सकाळी शाळेचा गणवेश चढवला की माझं पोट दुखायचंच. मी मनवा, इयत्ता चौथी. मीच खोटारडी असेन, असं आता मलाही वाटायला लागलं होतं.

आमच्या भुसावळच्या शाळेत फळ्याच्या वर निरखी बसवली आहे. ही यंत्रबाई मुलांना निरखते आणि कोणाला चिंता (अजून न घडलेल्या गोष्टीची भीती) आहे ते ओळखते. तिचा दिवा पिवळा झाला की त्या मुलाशी बोलायला समुपदेशक (मन मोकळं करायला मदत करणाऱ्या) ताई येतात. खडू फेकणाऱ्या तुषारसाठी पिवळा. भोकाड पसरणाऱ्या ओवीसाठी पिवळा. माझ्यासाठी वर्षभर हिरवा! शुक्रवारी ताई ज्यांना भेटणार, त्या मुलांची वर्षातली शेवटची यादी लागली. तिच्यातही मी नव्हते. संपलंच सगळं.

त्या दुपारी निरखी तपासायला नारखेडे आजोबा आले. तिला घडवणारे शास्त्रज्ञ तेच. मधल्या सुट्टीत वर्गात मी एकटीच होते. मी त्यांना माझं कोडं विचारलं.

"खोटं नाही गं ते," आजोबा म्हणाले. "मेंदूत बदामाएवढा एक पहारेकरी असतो. अमिग्डाला त्याचं नाव. धोका दिसला की तो ओरडतो, 'पळ!' मग रक्त पोटाकडून पायांकडे धावतं आणि पोट आवळतं. पोटात गोळा आला म्हणतात ना, तोच हा. तुझा पहारेकरी शाळेचं फाटक बघूनच ओरडतो. दुखणं मात्र खरं."

"मग निरखीला का नाही कळलं?"

आजोबांनी तिची आठवण (साठवलेली माहिती) उघडली. दहा वर्षांची प्रगतिपुस्तकं दाखवून त्यांनी तिला शिकवलं होतं. गप्प मुलांपुढे सगळीकडे एकच शेरा होता: 'गुणी. तक्रार नाही.' यंत्र आपण दाखवू तेच शिकतं. ती शिकली, गप्प म्हणजे ठीक.

आजोबा बाकावर बसले. "माझी मुलगी सुनेत्राही चार वर्षं 'गुणी' होती. पाचवीत तिने शाळाच सोडली. आम्हीही म्हणालो, नाटकं." त्यांनी वर निरखीकडे पाहिलं. "आणि तोच शेरा मी यंत्राला पढवला."

"आता दुरुस्त करा ना."

"नव्याने शिकवायला दोन वर्षं लागतील, बाळा."

दोन वर्षांनी मी या शाळेत नसेन. मला रडू आलं, पण आवाज न करता. वर दिवा हिरवाच.

आमच्या वर्गाच्या सोनटक्के बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. कपाटातून माझं प्रगतिपुस्तक काढून त्यांनी 'गुणी' खोडलं. लिहिलं, 'गप्प असते. विचारायला हवं होतं.' मग त्या माझ्याशेजारी, त्या एवढ्याशा बाकावर, कशाबशा मावल्या.

"मनवा, आत्ता आलाय का गं गोळा?"

वर्षभरात हे कोणी विचारलंच नव्हतं. मी मान हलवली.

"यादी राहू दे. सोमवारी ताईंना मी आणते. फाटकापाशी तुझी वाट बघेन."

पोट अजून दुखतच होतं. पण सोमवारी फाटकापाशी बाई असणार होत्या.