जाबरस

सांगलीच्या काचघरात त्या दुपारी चार हजार माणसं घसा फोडून ओरडत होती आणि ज्यांच्यासाठी ओरडत होती त्या पोरींच्या कानावर त्यातलं अवाक्षरही पडत नव्हतं. कबड्डीचं मैदान जाड काचेच्या पेटीत बंद होतं. बाहेरून आतलं सगळं लख्ख दिसे. आतून मात्र काच म्हणजे नुसता काळा आरसा. निकाल द्यायला पंच नव्हते, कॅमेरे होते.

ही सगळी उठाठेव महासंघानं न्यायासाठी केली होती. घरच्या मैदानावर संघ जास्त जिंकतो ही तक्रार खेळाइतकीच जुनी. कुणी म्हणे, प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी खेळाडूच्या अंगात बळ येतं. कुणी म्हणे, बळबिळ काही नाही, आरोळ्यांनी पंच बिचकतो. तेव्हा महासंघानं आरोळ्याही बंद केल्या आणि पंचही घरी बसवले. मॅट सगळीकडे एकाच कारखान्यातली, प्रवासानंतरची विश्रांती सक्तीची. आता पाहुण्या संघाला कुरकुरायला जागा उरायला नको होती. तरीही घरचा संघ दहातले सहा सामने जिंकतच राहिला.

लोकांनी त्याचा विचार करणं सोडून दिलं. भूपाल खोतांनी सोडलं नाही, कारण संशय हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. वीज कंपनीत मीटर तपासनीस म्हणून त्यांची हयात गेली. मीटरला चुंबक लावणारे, खांबावरून परस्पर तार ओढणारे आणि वर 'साहेब, चहा घ्या' म्हणणारे असे सगळे नमुने त्यांनी पाहिले होते. माणसाचं तोंड काहीही बोलो, मीटरचा आकडा खरा, हे त्यांचं तत्त्वज्ञान. निवृत्त झाले तरी खिशातला टेस्टर काही सुटला नाही. भाजीवालीच्या तराजूपासून देवळातल्या पंख्यापर्यंत सगळ्यांकडे ते एक डोळा बारीक करून बघत. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणत, "अहो, पोळीवरचं तूप तरी संशय न घेता खावा."

या माणसाचा एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास होता, तो म्हणजे मुलगी पद्मजा. कृष्णाकाठ संघाची ती पहिली चढाईपटू. सांगलीतला तिचा एकही सामना भूपालरावांनी चुकवला नव्हता. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ठरलेली. पद्मजाला आतून दिसत नसे, म्हणून संघाचे व्यवस्थापक इनामदार आत जाऊन तिला सांगत, "आप्पा आलेत, नेहमीच्या जागी आहेत." मग ती मान हलवी आणि मध्यरेषेकडे जाई. सामने दुपारचे असत. संपले की तिचा फोन येई आणि पहिला प्रश्न एकच असे, "आप्पा, जेवलात ना?" जिंको वा हरो, हा प्रश्न चुकला नाही. भूपालरावांचा ऊर भरून येई.

पण गेल्या वर्षापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकू लागली होती. बाहेरगावच्या सामन्यांनाही संघ त्यांना घेऊन जाऊ लागला. विमानाचं तिकीट, चांगलं हॉटेल, दाराशी गाडी. इनामदार हात जोडून म्हणत, "खोतसाहेब, तुमचा पाठिंबा आहे म्हणून संघ आहे." सुरुवातीला भूपालरावांना बरं वाटलं. मग लक्षात आलं की संघात बारा मुली आहेत, त्यांनाही आईबाप आहेत, पण विमानात आपण एकटेच. आणि आपण जाऊ लागल्यापासून कृष्णाकाठ बाहेरगावीही जिंकायला लागलाय. आत आवाज जात नाही, पोरीला आपण दिसत नाही, मग आपला पाठिंबा आत शिरतो कुठून? पाणी कुठंतरी नक्की मुरत होतं.

नागपूरच्या सामन्याला ते दोन तास आधीच काचघरात पोचले. राखून ठेवलेली आपली खुर्ची शोधली, चष्मा कपाळावर चढवला, जमिनीवर आडवे झाले आणि टेस्टरनं खुर्चीच्या बुडाचे स्क्रू सोडवू लागले. या खुर्चीतून काचेला कसला तरी छुपा संदेश जात असणार, अशी त्यांची खात्री झाली होती.

"त्यात काही नाही हो," वरून आवाज आला.

चाळिशीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. गळ्यात महासंघाचं ओळखपत्र होतं. डॉ. मृण्मयी गानू, शरीरविज्ञान विभाग.

भूपालराव उठून बसले. चोर पकडणाऱ्यालाच चोरासारखं बसावं लागलं याचा त्यांना राग आला. "मग कशात आहे ते सांगा," ते म्हणाले. "मी वायरिंगमधला माणूस हाय मॅडम. तार असल्याबिगर दिवा लागत न्हाई."

"तार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण ती खुर्चीत नाही. चहा घेणार?"

"चहा पाजणाऱ्यांवर माझा विश्वास नसतो," भूपालराव म्हणाले, पण गेले.

कँटीनमध्ये डॉक्टरांनी आपल्या मनगटावरची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक खेळाडूच्या हाताला अशी घामपट्टी बांधलेली असते. घामात शरीराचं सगळं गुपित उतरतं. भीती, थकवा, आनंद, प्रत्येकाचं रसायन वेगळं, आणि पट्टी ते क्षणोक्षणी मोजते. "म्हणजे हा माणसाचा मीटर," भूपालराव म्हणाले. डॉक्टरांना ही व्याख्या आवडली.

"काचघरं बांधूनही घरचे संघ का जिंकतात, हे शोधायला मला नेमलं," त्या सांगू लागल्या. "मला वाटलं, घरच्या मैदानावर शरीर निवांत असेल. आपलं गाव, आपली माणसं. आकडे आले ते नेमके उलटे. घरी खेळताना घामात एक रसायन वाढतं. मी त्याला जाबरस म्हणते. ज्या माणसांना उद्या तोंड दाखवायचंय, ज्यांना जाब द्यायचाय, ती बघतायत हे नुसतं ठाऊक असलं तरी तो रस पाझरतो. पाय चपळ होतात, दम वाढतो, दुखणं जाणवत नाही. पाहुण्या खेळाडूला त्याचं काय? संध्याकाळी त्याची बस सुटते. घरच्या पोरीला दुसऱ्या दिवशी दूध आणायला त्याच गल्लीतनं जायचं असतं."

"म्हणजे पाठिंबा..."

"पाठिंब्याचं रसायनही मोजलं. त्यानं खेळ तसूभर सुधारत नाही. माणूस खूश होतो, इतकंच."

भूपालरावांनी कप खाली ठेवला. सांगलीत घसा फोडून ओरडणारी ती चार हजार माणसं डोळ्यांपुढे आली. त्यांना त्यांची दया आली, आणि मग एकदम स्वतःचं आठवलं. "माझा काय संबंध?"

डॉक्टरांनी पद्मजाचे आकडे आणि जाबरसाची वर चढलेली रेष फोनवर उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "इनामदारांनी पद्मजाचे आकडे माझ्या आधी वाचले. सांगलीतले चार हजार लोक मिळून तिचा जाबरस जेवढा वाढवतात, त्याच्या तिप्पट तुम्ही एकटे वाढवता. म्हणून ते तुम्हाला गावोगाव नेतात. घरचं मैदान उचलून नेता येत नाही, पण तुम्हाला नेता येतं."

"खोटं हाय," भूपालराव म्हणाले. आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. "मी पोरीवर हात उगारणं सोडा, आवाजसुद्धा चढवला न्हाई कधी. विचारा तिला."

"विचारलं. ती म्हणाली, आप्पा मला कधीच बोलत नाहीत."

"मग?"

"ती हरली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? हरली तर मी त्या दिवशी जेवत न्हाई." भूपालराव सरळ बसले; ही गोष्ट सांगताना त्यांना नेहमीच थोडा अभिमान वाटे. "आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. ती हरली की ताट बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत पाणीबी घेत न्हाई. ती लहान असताना शाळेचा सामना हरली आणि लई रडायला लागली. मला समजूत घालता येईना. मी म्हटलं, तू एकटी न्हाई हरलीस, मीबी हरलो, मीबी उपाशी ऱ्हातो. तशी ती गप झाली बघा. एका क्षणात डोळे पुसले पोरीनं."

डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला सारला. त्या नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यातच भूपालरावांना आपलं वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं. पोर गप्प झाली होती. समजूत पटली म्हणून झाली, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. जेवलात ना, या प्रश्नाचा अर्थही त्यांना त्या टेबलावर कळला.

"तिला काही होईल?" त्यांनी हळूच विचारलं.

"जाबरस थोडा वेळ असतो तोवर औषध. सदोदित पाझरला तर हाडं ठिसूळ करतो, झोप नेतो. तिच्या हाडांत आत्ताच त्याच्या खुणा आहेत. अंतिम सामन्याला तुम्ही येऊ नका, असं माझं सांगणं आहे. कदाचित ती हरेल. पण रेष खाली येते का, हे मला बघायचंय. तुम्हालाही बघायचं असेल."

घरी परत येताना त्यांनी डॉक्टरांवर संशय घेऊन पाहिला. दुसऱ्या संघाची माणूस असेल, पोरीला हरवायचा डाव असेल. पण आकडे त्यांनी स्वतः पाहिले होते, आणि मीटरवर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती. अंतिम सामना पुण्याला होता. त्यांनी पद्मजाला फोन करून सांगितलं, गुडघा दुखतोय, या खेपेला येत नाही. ती म्हणाली, "बरं, आप्पा." इनामदारांनी चार वेळा गाडी पाठवतो म्हणून विनवलं. भूपालरावांनी चारही वेळा गुडघा पुढे केला.

सामन्याच्या दिवशी ते घरीच दूरदर्शनसमोर बसले. डॉक्टरांनी पद्मजाच्या घामपट्टीची रेष त्यांच्या फोनवर दिसेल अशी सोय करून दिली होती. सामना सुरू व्हायच्या आधी ते रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "वाढ."

"आत्ता? निकाल तर लागू द्या."

"निकालाचा आणि जेवणाचा संबंध संपला. वाढ म्हणतो ना."

रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या या विषयावर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि पदरानं डोळे टिपून स्वयंपाकघरात निघून गेल्या. भूपालराव पोटभर जेवले. आता पोरगी हरली तरी तिच्यावर कसलंच ओझं नव्हतं. त्यांना हलकं वाटलं.

सामना सुरू झाला आणि त्यांनी फोन बघितला. रेष वर होती, डॉक्टरांनी कँटीनमध्ये दाखवली होती तितकीच वर. पहिल्या चढाईचा ताण असेल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. मध्यंतर झालं, रेष तसूभर खाली आली नाही. पद्मजा मात्र बिजलीसारखी खेळत होती. शेवटच्या चढाईत दोघींना बाद करून ती मध्यरेषेवर हात टेकून पडली आणि कृष्णाकाठ अजिंक्य ठरला. गल्लीत फटाके वाजले. भूपालराव फोनकडे बघत बसले होते. मीटर बिघडला असावा, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"आप्पा, जिंकले. कुठं आहात, बाहेर थांबलाय का?"

"मी घरी हाय गं. गुडघा..."

"इनामदार म्हणाले, गुडघ्याचं निमित्त केलंत. आप्पा आलेत, नेहमीच्या जागी बसलेत म्हणाले." तिच्यामागे जल्लोष चालला होता. "नव्हता आलात?"

काचेतून बाहेरचं दिसत नाही. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती आणि तिनं काम चोख केलं होतं. बापाला विमानानं नेण्याचा खटाटोपही आता इनामदारांना करावा लागणार नव्हता. आत जाऊन नुसतं एक वाक्य बोललं की झालं.

"न्हाई आलो," ते म्हणाले. "पण सामना पाहिला. छान खेळलीस."

"जेवलात ना?"

"जेवलो. तुझा सामना सुरू व्हायच्या आधीच जेवलो."

त्यांनी फोन कानापासून दूर धरून रेषेकडे पाहिलं. पट्टी अजून तिच्या मनगटावरच होती. रेष वर चढत होती.

"आप्पा, खरं सांगा."

"खरंच जेवलो. भाकरी खाल्ली. वांगं होतं."

"सामन्याआधी तुम्ही कधीच जेवत नाही."

"आज जेवलो. आणि इथून पुढं तू हरलीस तरी जेवणार हाय. बंद केलं ते."

"का? मी काय केलं?" तिचा आवाज बारीक झाला. "आईला द्या."

त्यांनी आवाज बाहेर ऐकू येईल असा करून फोन रत्नप्रभाबाईंच्या हातात दिला आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्यावरच्या रेषेकडे बघत उभे राहिले. "जेवलेत गं," त्या म्हणाल्या. "मीच वाढलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. ताट घासायला पडलंय बघ." पद्मजा "बरं" म्हणाली. गुडघ्याच्या वेळी म्हणाली होती तसंच.

तोंडानं ती बरं म्हणाली होती. मीटरची रेष मात्र होती तिथंच राहिली. भूपालराव ती खाली येण्याची वाट बघत बराच वेळ उभे राहिले, आणि माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही हे पोर कुणाकडून शिकली, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.