खुंटीची कावीळ

कावीळ उतरते तशी उतारा म्हणून गळ्यात घातलेली काड्यांची माळ लांबते, हे आमच्या रावेर भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझी माळ छातीवरून बेंबीपर्यंत उतरली. मग माझे डोळे हळदीसारखे पिवळेच का राहिले? पोरांनो, स्वतःला हुशार म्हणवता ना, मग सांगा बघू.

मी शाळा चौथीत सोडली. माझी लेक यामिनी मात्र इतकी शिकली की पृथ्वीवर मावेना. वर, अंतराळस्थानकातल्या प्रयोगशाळेत ती यकृताच्या (उजव्या बरगड्यांखालचा, पित्त तयार करणारा अवयव) कर्करोगावर संशोधन करते. तिची मुलगी रेवा माझ्याजवळ असते. सोबतीला एक यंत्रमानव दिलाय, कमरेएवढा. मी त्याला ठकी म्हणते. ठकी बोलते फार.

जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, "पित्ताची वाट अडलीय. दुर्बिणीने नळी घालून मोकळी करू, थोड्या पेशी काढून तपासू."

"यामिनी येऊन उशाशी बसली की करा," मी म्हटलं आणि माळ घालून घरी आले. आईचे डोळे पिवळे झाल्यावरही लेक येणार नसेल, तर कधी येणार?

एके सकाळी रेवाने मला हाताला धरून स्वयंपाकघरातल्या खुंटीपाशी नेलं. तिथे एक माळ लोंबत होती, माझ्या माळेएवढीच लांब.

"त्याच दिवशी दुसरी आणली होती मी," ती म्हणाली. "खुंटीला घातली."

"खुंटीला कुठे कावीळ झाली होती?"

"तेच विचारतेय, आजी. आई म्हणते, आजारी एक आणि धडधाकट एक, दोन्ही शेजारी ठेवून बघावं. मगच बोलावं."

ठकी लगेच सुरू झाली. "काड्या ओल्या असतात. सुकून बारीक झाल्या की दोऱ्याचे फास सैल पडतात. माळ लांबते."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं. पण माळ काढली. "मग पिवळेपणा कशाचा?"

"आपल्या केळीच्या बागेतलं ठिबक आठव," रेवा म्हणाली. "नळीत क्षार साचला की पुढची केळ कोरडी राहते."

ठकीने पोटावरच्या पडद्यावर चित्र काढलं. "यकृतातून पित्तनलिका (पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) निघतात आणि आतड्यात उतरतात. जुन्या रक्तपेशी मोडल्या की एक पिवळा रंग उरतो, तो पित्तातून बाहेर जातो. वाट तुंबली की तो रक्तात परततो. मग डोळे पिवळे, अंगाला खाज. आतड्यात रंग पोहोचत नाही, म्हणून शौच मातकट पांढरं."

ते शेवटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पडद्यावर यामिनी आली. गालाची हाडं वर आलेली.

"आई, आत्ता उतरता येत नाही गं. इथल्या पेशींना रोज बघावं लागतं. त्याही कुणाच्या तरी आयांच्याच आहेत."

"आणि तुझी आई?"

"तिच्या पेशी मला पाठव. इथे वजन जाणवत नाही. पेशी भांड्याच्या तळाला चपट्या बसत नाहीत, चहूबाजूंनी वाढतात. मोहरीएवढा नमुना तयार होतो. तुला गाठ निघाली, तर औषधं आधी त्याच्यावर लावून बघेन. जे लागू पडेल, ते तुला."

"जेवतेस का तू?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेले. नळी बसली, वाट मोकळी झाली, डोळे हळूहळू निवळले. गाठही निघाली. लहान आहे, वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या यानातून माझ्या पेशी वर गेल्या. मला जाता येत नाही तिथे त्या पोहोचल्या, त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं.

काल यामिनी पडद्यावर आली. तिच्या हातात एक काचेची कुपी होती. तिने ती छातीशी धरली होती.

"आई, तुझ्या पेशी रुजल्या."

"न रुजून सांगतात कुणाला? लाड करू नकोस त्यांचे. कडू औषध असलं तरी पाज."

ती हसली आणि तिचे डोळे भरले. पण पाणी गालावर ओघळलं नाही, गोळा होऊन डोळ्यापाशीच थरथरत राहिलं. वर आसूसुद्धा खाली पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पदर पुढे केला. तो पडद्याच्या काचेला लागला.

"तूच पूस," मी म्हटलं. "आणि पहिलं औषध कोणतं लावतेस, ते आधी मला सांग."