मापाचा माणूस

शिलाईचं दुकान तिला वडिलांकडून मिळालं होतं, आणि कात्रीही त्यांचीच. हिच्या हाताला यश आहे, असं बायका म्हणत. लग्नाचं मात्र विचारू नये. पस्तिशी आली होती. वहिनी दुपारचा चहा घेऊन यायची आणि कप ठेवता ठेवता सुनावून जायची, "तुझ्या मापाचा अजून जन्मायचाय बाई."

तो आला, काखेत कापड धरून. कुठून आलात विचारलं तर म्हणाला, "वरून." तिला वाटलं, वरच्या आळीतून. माप घेताना मात्र ती चपापली. छाती, पोट, कंबर, सगळीकडे एकच आकडा, कापडाचा ताका उभा करावा तसा. छातीभोवती धरलेली टेप जराही वरखाली झाली नाही. श्वास रोखलाय बिचाऱ्याने, लाजत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि आकडे वहीत उतरवले.

घोळ झाला डाव्या बाहीत. साडेतेवीसच्या जागी तिने बावीसवर कात्री चालवली. कापड उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती. तो आल्याबरोबर तिने स्वतःच कबूल केली, नवीन कापड आणून देते म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शर्ट अंगात घातला. बाही बरोबर मनगटावर आली.

तिने त्याच्या हाताला टेप लावली. बावीस. खणातली दुसरी टेप काढली. बावीसच.

"तुम्ही कापलंत तसं," तो म्हणाला, जणू तीच काहीतरी विसरत होती.

"दुखलं का?"

त्याने जरा विचार केला. "थोडं."

खरं तर तिने तिथून पळायला हवं होतं. पण त्या 'थोडं'नंतर तिचा पाय निघेना. पुढचं कापड तिने स्वतःच्या पदरचं घेतलं, बाही तीनदा मोजली. त्याचा हात पुन्हा साडेतेवीस भरला. मग तिला राहवेना. कंबर बारीक बेतली, खांदे किंचित उतरते ठेवले, डाव्या छातीवर खिसा लावला. खिसा लावला त्या दिवसापासून तिथे ठोके ऐकू यायला लागले. आधी नव्हते. हे तिला कसं कळलं, ते वहिनीला ती जन्मात सांगणार नव्हती.

"तुझं गिऱ्हाईक हल्ली माणसात आलंय," वहिनी म्हणाली.

एकदा, शिवणयंत्राला तेल घालत असताना, त्याने विचारलं, "शर्ट झिजतात. तुम्ही शिवत राहाल?"

"आणि नाही शिवले तर?"

"मग मी पुन्हा होतो तसा."

"कसे होतात?"

"मोकळा," तो म्हणाला. "पण एकटा."

ती हो म्हणाली. भावाने कुळामुळाची चौकशी करून पाहिली. नवरदेव दर वेळी बोट वर करी, आणि भाऊ वरच्या आळीत चार घरं हिंडून परत येई. शेवटी त्यानेही नाद सोडला. संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला. दर दोन महिन्यांनी ती नवा शर्ट शिवायची आणि तो घालून बघेपर्यंत तिचा जीव टांगणीला असायचा. आपल्या हातून पुन्हा चूक झाली तर, एवढीच तिला धास्ती.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोट चाचपलं. ठोके छान आहेत म्हणाल्या. हे पाय. हा एक हात, हा दुसरा. त्यांची बोटं पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

"डोकं तेवढं हाताला लागत नाही," त्या हसून म्हणाल्या. "कुठे दडवलंय लबाडाने, कोण जाणे. पुढच्या आठवड्यात बघू."

ती चालत घरी आली. टेबलावर तिने हौसेने शिवलेलं सगळं मांडलेलं होतं. झबलं. चड्डी. पायमोजे.

टोपी राहिली होती.

तिने कापड काढलं. नवऱ्याने दोन टोकं ताणून धरली.

"केवढी?" त्याने विचारलं.

तिला माहीत नव्हतं. जन्मायच्या आधी माप कुणाकडून घ्यायचं?

तिने खडूने गोल काढला. पुसला. पुन्हा काढला, जरा मोठा.

कात्री उचलली, खडूच्या रेघेवर टेकवली.

पोटात सकाळपासून चाललेली चुळबुळ थांबली होती. आत कुणीतरी अगदी शहाण्यासारखं, अंग आवरून वाट पाहत होतं.