तेरावी सुई

जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून हे सगळं झालं. दिवा असता तर मी त्याला वेळेत पाहिलं असतं, भिंतीला चिकटून वाट दिली असती, आणि तो माझ्यासाठी नुसता आम्हाला काम देणाऱ्या संस्थेचा एक तपासनीस राहिला असता.

सोमवार, दुपारचे तीन. माझ्या हातात बाळांच्या दुपट्यांची चळत होती, अगदी हनुवटीपर्यंत. ती वरच्या खोलीत न्यायची होती, आणि आमच्या जिन्याला खिडकी नाही. पायानं पायरी चाचपत मी चढत होते. वळणावर वरून कुणीतरी उतरत आलं आणि आम्ही चांगलेच आदळलो. मी त्याच्या खांद्यावर, दुपटी दोघांच्या पायांत.

"माफ करा... लागलं का?" अंधारातून आवाज आला.

"दुपट्यांना काय लागायचंय?"

"मी तुम्हाला विचारलं."

मी खाली बसून दुपटी गोळा करायला लागले. तोही बसला. एकाच दुपट्याची दोन टोकं आमच्या हातात आली.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा."

"हे माझं काम आहे."

"आणि माझं काम ते तपासायचं आहे. म्हणजे निम्मं निम्मं."

तो हसला. अंधारात माणसाचं नुसतं हसू ऐकू येणं फार वाईट, पुढचं सगळं आपण मनानंच काढत बसतो. मी चळत उचलली, वर ठेवून आले, खाली माझ्या जागेवर बसले आणि सवयीनं उजव्या बाहीवर हात नेला.

बाहीत सुई नव्हती.

आता एका सुईचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. आमच्या खोलीत आम्ही बारा जणी गोधड्या शिवतो. जुने शर्ट, झगे, पडदे उसवायचे, धुवायचे, थर लावायचे, टाचायचे आणि मग बारीक धावदोरा. मधे एक लाल गादी असते, तिच्यावर बारा आकडे आणि प्रत्येक आकड्यात एक सुई. माझी नववी. सकाळी घ्यायची, संध्याकाळी परत खोचायची. काकू मोजते, वहीत लिहिते. काकू म्हणजे आमच्या सगळ्यांची काकू, हे काम तिनंच उभं केलं. भिंतीवर तिनं खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘सुई अंगाला लावायची नाही’. मी ते रोज वाचायचे आणि रोज बाहीत सुई खोचायचे.

आणि माझी चळत ज्यांत मिसळली ती वरची साठ दुपटी एका दवाखान्याच्या नवजात बाळांसाठी होती.

मी मेणबत्ती घेऊन जिना शोधला. पायरी न् पायरी हातानं पुसली. काही नाही. म्हणजे सुई दुपट्यात गेली होती. कुठल्या, ते देवाला ठाऊक. मी तिथंच पायरीवर बसले.

सांगायला हवं होतं, मला कळतं. पण वर्षापूर्वी नदीपलीकडच्या बायकांच्या मालात तुटकी सुई निघाली होती. संस्थेनं त्यांचं काम एका दिवसात बंद केलं. आमच्या आईनं हे काम मिळण्याआधी अठरा वर्षं लोकांची भांडी घासली होती, तिच्या बोटांना अजून भेगा आहेत. माझ्या एका बाहीपायी बारा घरांच्या चुली विझल्या असत्या. संध्याकाळी मी घरी जायचं निमित्त करून धावत गेले, आईच्या डब्यातली सुई आणली आणि नवव्या आकड्यात खोचली.

"बारा," काकू म्हणाली आणि वहीत लिहिलं.

मंगळवारी तो उजेडात दिसला. उंच, जाड करडा कोट, गळ्यात दोरीला बांधलेलं चुंबक. बडबडी माझ्या शेजारी बसते, तिनं दोन मिनिटांत त्याचं नाव चुंबक ठेवलं. "जपून हो ठिणगे," ती माझ्या कानात म्हणाली, "तू लोखंडाची आहेस." ठिणगी मला सगळ्या म्हणतात, कारण मी लवकर पेटते. त्या दिवशी मात्र मी पार विझले होते.

तो दहातलं एक दुपटं उचलायचा आणि चुंबक फिरवायचा. म्हणजे साठातली सहा. बाकीची चोपन्न तशीच जाणार. त्यानं पहिलं उचललं तशी माझ्या बोटाला सुई टोचली. चुंबक सरळ लोंबत राहिलं. मग दुसरं... प्रत्येक वेळी वाटायचं, सापडू नये. आणि लगेच वाटायचं, सापडावी. आता सापडावी, इथंच, सगळ्यांसमोर.

सहाही दुपटी सुटली. मग त्यानं सगळ्यांच्या सुया लाल गादीत खोचायला लावल्या, गादी ओढली आणि बघत बघत नववीपाशी थांबला.

"ही जरा बुटकी आहे."

"बुटकी असली तरी टोचते," मी म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे.

"ते कळलंच सोमवारी." माझ्याकडे बघत त्यानं कोटाच्या वरच्या खिशावर हात ठेवला. "काही सांगायचं राहिलं नाही ना?"

"कुणाला?"

"मला. तपासणी संपली की मी विचारतो. रीतच आहे."

"नाही राहिलं."

त्यानं वहीवर सही केली, पण पेन टेकवायला बराच वेळ घेतला.

बुधवारी तो पुन्हा आला. काम काही नव्हतं. म्हणे जिन्यातला दिवा बघायचा होता. स्टुलावर चढून दिवा बदलला आणि खाली धरायला नेमकं मलाच बोलावलं.

"तुमचा धावदोरा वेगळा दिसतो," वरून तो म्हणाला. "शेवटाला दोन गाठी मारता."

"एक सुटली तरी दुसरी राहते."

"इतकी भीती वाटते सुटण्याची?"

मी स्टूल धरून उभी होते. त्याचा कोट माझ्या कपाळाला लागत होता, त्याला साबणाचा आणि थंडीचा वास येत होता. एरवी मी सुखानं मेले असते. पण डोळ्यांपुढे एकच चित्र, वीतभर बाळ, त्याच्या पाठीखाली मी शिवलेलं मऊ दुपटं, आणि ते का रडतंय हे कुणालाच कळत नाही.

"काही सांगायचं राहिलं नाही ना?" तो उतरता उतरता म्हणाला.

"तुम्ही पुन्हा तेच विचारताय."

"मला उत्तर हवंय म्हणून... तुमचं."

ते त्यानं असं म्हटलं की माझे कान तापले. मी वेडी, मला वाटलं तो दुसरंच काही ऐकायला उभा आहे. आणि खरं सांगते, ते दुसरंही माझ्याकडे होतंच. पण दोन्ही गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्या होत्या. एक बाहेर आली असती तर दुसरीही आली असती. मी स्टूल उचलून भिंतीला लावलं. त्याचा चेहरा उतरला.

गुरुवारी मी झटकायच्या निमित्तानं वर गेले आणि दुपटी तळव्यांनी दाबून बघायला लागले. अकरा झाली. मग काकूनं हाकललं, "अगं बये, झटकून झटकून त्यांचे थर हलवशील." खाली आले तर आई चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत होती.

"आजारी आहेस का?"

"नाही."

"मग प्रेमात असशील," आई म्हणाली. "मला दोन्हीची भीती वाटते."

शुक्रवारी सकाळी टेम्पो येणार होता. साडेआठला बडबडीनं पहिला गठ्ठा बांधायला घेतला, आणि वरच्या दुपट्याचा कोपरा बाहेर आला. पिवळा. माझ्याच जुन्या झग्याचा तुकडा, आईनं मी लहान असताना शिवलेला. मी बडबडीचा हात धरला.

"काकू, बांधू नका. माझी सुई हरवलीये. सोमवारपासून. गादीत आहे ती घरची आहे."

मला वाटलं काकू मारेल. तिनं मारलं नाही. ती गठ्ठ्यापाशी गेली, गाठ सोडली, सगळी दुपटी जमिनीवर ओतली.

"पाच पाच घ्या," ती म्हणाली. "डोळ्यांनी नाही, तळव्यांनी. ठिणगे, तू रडू नकोस, तळवा ओला झाला की सुई कळत नाही."

बारा जणी बसल्या. कुणी मला शिवी दिली नाही, ते फार जड गेलं. आईचे भेगाळलेले हात दुपट्यावर फिरत होते आणि ओठ हलत होते. दुपटी दाबून झाली. कुठंच नाही. काकू म्हणाली, पुन्हा. पुन्हाही नाही. तिसऱ्यांदा तिनं कात्री मागितली, उसवायला. उसवायची म्हणजे महिनाभराचं काम वाया. कात्री द्यायला माझा हात पुढे होईना, पण मी दिली.

तेवढ्यात तो दारात आला. खोली बघितली, कात्री बघितली, आणि तो पांढराफटक पडला.

"उसवू नका." त्यानं कोटाच्या वरच्या खिशातून कागदाची पुडी काढून उलगडली.

आत माझी सुई होती. टोकाला वीतभर लाल दोरा आणि दोन गाठी.

"सोमवारी घरी गेलो, कोट काढताना बोटाला लागली. खांद्यात रुतली होती. मंगळवारी हसत परत द्यायला आलो होतो. बघतो तर गादीत बारा पूर्ण. अकरा असत्या तर हातावर ठेवून मोकळा झालो असतो. पण ही तेरावी... म्हणजे वहीत खोटं लिहिलं गेलं होतं. ते कळवलं तर तुमचं काम बंद. नाही कळवलं तर माझी सही खोटी. मी खोटी सही केली. आणि येऊन येऊन विचारत राहिलो, की तुम्ही सांगाल."

बडबडी हसायला लागली, मग रडायला. काकू भिंतीला टेकून खाली बसली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "ती कुठल्याच बाळाच्या पाठीखाली नाही, हे तुम्हाला चार दिवस माहीत होतं. मला नव्हतं."

"मला वाटलं तुम्ही कामासाठी घाबरलाय," तो म्हणाला. "बाळाचं... माझ्या डोक्यातच आलं नाही. कारण माझ्याकडे सुई होती."

"मग आता लिहा."

"काय?"

"सगळं. बाही, घरची सुई, तुमची सही. मी खोटं केलं, ते माझं म्हणून लिहा, या अकरा जणींचं म्हणून नका."

त्यानं आमच्याच जमिनीवर बसून लिहिलं. आधी स्वतःची सही, मग माझी बाही. काकूनं खाली अंगठ्याएवढ्या अक्षरांत जोडलं, ‘मुलीनं माल निघायच्या आधी स्वतःहून सांगितलं.’ कागद घेऊन तो गेला, जाताना माझ्याकडे बघितलं नाही. टेम्पो रिकामा परतला.

मग बारा दिवस. दारावर टकटक झाली की बारा सुया एकदम थांबायच्या. आईनं भांड्यांच्या जुन्या घरी जाऊन चौकशी करून ठेवली, आणि मला सांगितलं नाही. तो आला नाही. मला त्याचा राग होता आणि रोज तीनच्या सुमारास मी जिन्याकडे कान लावून बसायचे. माझा राग असा कधी वाट बघत नाही.

तेराव्या दिवशी संस्थेची एक वयस्कर बाई चिठ्ठी घेऊन आली. काम चालू राहील. इथून पुढे प्रत्येक दुपटं तपासलं जाईल, आणि नव्या तपासनीस या बाईच. काकूनं आपल्याकडून एक ओळ वाढवली, ठिणगीला महिनाभर सुई नाही, फक्त उसवायचं. मी इतक्या आनंदानं कधी शिक्षा घेतली नाही. साठही दुपट्यांवरून बाईंनी चुंबक फिरवलं आणि माल त्याच दिवशी दवाखान्यात गेला.

संध्याकाळी आई वरच्या खोलीत आवरत होती, मी वहीचं दप्तर वर ठेवायला निघाले. जिन्याच्या वळणावर, त्यानंच लावलेल्या दिव्याखाली तो उभा होता. तोच कोट, पण गळ्यात चुंबक नाही, हात मोकळे.

"तपासणी काढून घेतली," तो म्हणाला. "आता गोदामात असतो. इथं यायचं काही कारण उरलं नाही."

"मग का आलात?"

"कारणाशिवाय येऊन बघावं म्हटलं."

मला हसू येत होतं, ते मी दाबलं. "मला तुमचा अजून राग आहे."

"असणारच. किती?"

"बराच. आणि तुम्ही आला नाहीत ते बारा दिवस त्या चार दिवसांहून वाईट गेले. हे सांगायचं राहिलं होतं."

तो एक पायरी खाली आला. "मलाही एक सांगायचंय. मी ती सुई परत देणारच होतो, पण... देऊन टाकली असती तर रोज यायला काय निमित्त राहिलं असतं? चोरी ती पण होती. तुम्ही मला आवडता. हे कागदावर लिहिलं नाही, बाकी सगळं लिहिलं."

"थांबा," मी म्हटलं. "वर यायचं तर आधी तपासणी."

मी दप्तर पायरीवर ठेवलं आणि तळवा त्याच्या खांद्यावर टेकवला. दुपटं दाबतात तसा, हळूहळू, खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत. काही टोचलं नाही. पण जाड कोटाखाली त्याचा हात थरथरत होता, थांबतच नव्हता. इतके दिवस मला वाटत होतं की मी एकटीच घाबरतेय.

"चला," मी म्हटलं आणि तो हात धरूनच ठेवला. "वर आई आहे."