छत्तीस फ्रेमची भीती

त्या खोलीत मी शिरले ती निव्वळ चुकून. मला माझ्या दोन नंबरच्या खोलीत जायचं होतं आणि घाईत मी तीनचं दार ढकललं. समोर पडद्यावर बादली होती. निळी, प्लॅस्टिकची, वाकड्या कडीची... माझी लहानपणीची बादली! तिने टुणकन उडी मारली आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसली.

"ही थांबली का नाही?" मी ओरडलेच.

खुर्चीतला माणूस दचकून वळला. आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत जुने चित्रपट साफ करायला महिन्यापूर्वी आलेला हा तंत्रज्ञ. सगळे त्याला सफाईमास्तर म्हणायचे. चष्मा कपाळावर, हातात पुसायचं फडकं.

"कोण थांबली नाही?"

"बादली! शेवटच्या उडीआधी ती दीड सेकंद थांबते."

"अच्छा, ते होय!" तो चक्क हसला. "तिथे एकच चित्र छत्तीस वेळा आलं होतं. सॉफ्टवेअरने दोष म्हणून पकडलं, मी काढून टाकलं. आता बघा, कशी झरझर चढते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही बादली आणि तिची सात मिनिटांची फिल्म माझ्या आत्याने कॉम्प्युटरवर केलेली. एक चित्र काढायला कॉम्प्युटर चार-चार तास घ्यायचा तेव्हाची गोष्ट. पाणी दाखवणं त्याच्या बापालाही जमलं नसतं, म्हणून बादली सातही मिनिटं रिकामीच. आत्याचे साहेब म्हणाले होते, दीड सेकंद काहीच घडत नाही, काढ ते. आत्या राजीनामा लिहायला बसली, पण थांबा काढला नाही. सात वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, बादली का थांबली? ती म्हणाली, "घाबरली म्हणून." प्लॅस्टिकची बादली घाबरते! त्या दिवशीच ठरलं मी पुढे काय करणार ते. आज मी ॲनिमेटर आहे ती त्या छत्तीस फ्रेममुळे. आणि हा फडकेवाला ते दोष म्हणून पुसून मोकळा झाला होता.

"शुक्रवारी हे मोठ्या पडद्यावर लागणार आहे," मी म्हणाले. "माझी आत्या पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला आता जवळचं, मोठंच तेवढं दिसतं. हे दाखवणार तिला?"

त्याचं हसू उतरलं. "प्रत आज सहाला जायचीय."

"आत्ता सव्वादोन झालेत."

"अशा दोनशे बारा जागा काढल्यात. काही खरंच खराब होत्या. थांबा कुठला आणि बिघाड कुठला, हे मला नाही कळणार."

"मला कळेल. सरका."

तो सरकला. आधी त्याने फोन उचलला. "साहेब, बादलीची प्रत मी बिघडवलीय. नाही, सॉफ्टवेअरने नाही, मीच. सहाच्या आत नीट करून देतो." पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. त्याने कुणावर काही ढकललं नाही. मला त्याचाही राग आला, कारण आता नीट भांडता येईना.

एकेक जागा तो दाखवत गेला, मी सांगत गेले. हा थांबा. हा बिघाड. हा थांबा... ती खाली वाकून बघतेय, दिसत नाही का तुम्हाला?

"आता दिसतंय," तो हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "एक विचारू? रागवू नका."

"रागावलेलीच आहे. विचारा."

"इथल्या सगळ्या चित्रपटांवर मी हे सॉफ्टवेअर चालवून पाहिलंय. प्रत्येकात उडीआधी कोणीतरी छत्तीस फ्रेम थांबतंच. ससा, रोबो, म्हातारी... सगळ्यांनी हे या बादलीकडूनच उचललंय, नाही?"

"आत्ता कळलं?"

"पण एका कुणाच्या तरी शॉटमध्ये अठ्ठेचाळीस थांबतात. दरवेळी. मी नावं काढली..." त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. "ते शॉट तुमचे आहेत."

"मी जास्त घाबरट आहे," मी फटकन म्हणाले, आणि कान गरम झाले. "पुढची जागा लावा!"

सहाला पाच कमी असताना प्रत गेली.

शुक्रवारी बादली शेवटच्या पायरीशी आली आणि थांबली. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. मग उडी!

बाहेर तो पायऱ्यांखाली उभा होता. आत्याने डोळे बारीक करून पाहिलं. "कोण गं हा?"

"ज्याने तुझा थांबा काढला तो."

"आणि परत कोणी घातला?"

"त्यानेच."

"मग तोंड का फुगलंय तुझं?" म्हणत ती कठड्याला धरून बाकावर जाऊन बसली. मुद्दाम, लांबच्या.

तो एक पायरी चढला. तोंड उघडलं... आणि थांबला. दीड सेकंद गेला. दोन गेले. तीन! माझा पारा चढला.

"अहो, बादलीसुद्धा एवढी थांबत नाही!"

"तुमच्या मापाने थांबत होतो," तो म्हणाला. "थोडं जास्तच झालं. घाबरलोय." मग एका दमात, "तू मला आवडतेस."

"महिनाभर शेजारच्या खोलीत बसतेय मी!" मी ओरडले. "इतके दिवस काय झोपला होतास तू?"

तो उरलेल्या पायऱ्या न थांबता चढून वर आला.