पोचू हाजिर हो

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्यावर गुदरली ते गुणवंतराव आमच्या सावली गावातच राहतात. दिवेलागणीनंतर त्यांच्या अंगणात आता कुणी पाऊल टाकत नाही. मीही नाही.

रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या मे महिन्यातली भर दुपार होती.

गुणवंतराव वसुलीचे साहेब. सरकारनं चुकून दिलेली मदत परत आणायची हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस, असं लोक पाठीमागे म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. आवडतही असावं.

त्या दुपारी ते जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर गेले. तिथल्या पोचूला दोन वर्षांपूर्वी वाघानं नेलं होतं. सापडली ती फक्त त्याची डावी चप्पल आणि रक्तानं माखलेला दुपट्टा. त्याची बायको रुखमा, तिला सरकारी मदत मिळाली. तिनं बैलजोडी घेतली, त्या जोडीवरच तिचं घर चालत होतं.

आणि आता ऑफिसात निनावी अर्ज आला होता… पोचू जिवंत आहे. आरमोरीच्या बाजारात दिसला.

पोचू जिवंत म्हणजे मदत परत. म्हणजे बैल जप्त.

टोल्यावर साहेबांना कुणी पाणी विचारलं नाही. रुखमा दारात उभी राहिली, पण बसा म्हणाली नाही. सोबत गावचा कोतवाल झिंगू होता. पंचनाम्याची रीत अशी, की माणसाच्या दारात तीनदा पुकारा करायचा. साहेबांनी झिंगूला पुकारायला सांगितलं.

झिंगू हलला नाही.

"वाघानं नेलेल्याले अंगणातून हाक नाई मारत, साहेब."

"काऊन?"

"तो येते."

गुणवंतराव खो खो हसले. आला तर माझं कामच सोपं होईल, म्हणाले. आणि स्वतःच पुढे झाले.

"पोचू हाजिर हो…"

मोहाच्या झाडावरची पाखरं गप्प झाली.

दुसरी हाक…

बैलांचं रवंथ थांबलं. दोघेही उठून उभे राहिले, तोंडं घरामागच्या सांदवाडीकडे करून.

तेव्हा रुखमा पहिल्यांदा बोलली. "तिसरी नोका मारू."

ती विनवणी नव्हती. धमकी होती.

गुणवंतरावांना वाटलं, सापडली चोरी. नवरा मागेच लपवलेला दिसतो. त्यांनी छाती भरून तिसरी हाक मारली.

क्षणभर काहीच नाही. वारासुद्धा नाही.

मग सांदवाडीतून…

"ओ… आलो…"

त्यांना चक्क आनंद झाला. ते धावतच मागे गेले.

तिथं कुणी नव्हतं. न्हाणीजवळच्या ओल्या मातीत पावलं होती, ताजी. उजव्या पायात चप्पल. डावा पाय अनवाणी.

पावलं कुंपणापासून निघाली होती… आणि गुणवंतरावांच्या बुटांपाशी येऊन थांबली होती.

ते मागे न बघता अंगणात आले. झिंगू केव्हाच पळाला होता. रुखमानं बांबूची ताटी ओढून घेतली होती. आतून तिचा आवाज आला, नुसता द्वेषानं भरलेला.

"दोन साल झाले, मी त्याचं नाव तोंडातून नाई काढलं. तुमी बलावलं त्याले. आता तुमीच घेऊन जा."

साहेबांनी घरी येऊन अहवाल लिहिला. तीनदा पुकारा केला, ओ आली नाही, पोचू मयत आहे. वसुली थांबली. बैल रुखमाच्या दावणीलाच राहिले. तिच्यावर दया आली म्हणून त्यांनी हे लिहिलं नव्हतं. कागदावर मेला तर मेलेलाच राहील, एवढीच त्यांची आशा होती.

पण थोड्याच दिवसांत साहेबांच्या घरच्या अंगणात आवाज सुरू झाला.

चट्… मग काहीच नाही… चट्… मग काहीच नाही…

एकाच पायात चप्पल घालून कुणी चाललं, की असाच आवाज येतो.

त्यांनी झिंगूला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा ते कोतवालाशी हात जोडल्यासारखे बोलले. याला परत कसं पाठवायचं, विचारलं. झिंगू म्हणाला,

"पैसा वापस घेता येते, साहेब. हाक नाई."

तेव्हापासून गुणवंतराव कुणाच्याही हाकेला ओ देत नाहीत. संध्याकाळी बायको आतून जेवायला बोलावते, तेव्हा ते ओठ घट्ट मिटून बसतात. अंगणातून ओ येतेच. सुरुवातीला ती बिचारी घाबरायची. आता म्हणते, आवाज ह्यांचाच तर आहे.

परवा मी त्यांच्या घरावरून जात होतो. सवयीनं हाक गेली, "काय गुणवंतराव, बरे आहात ना?"

"ओ… आलो…"

आवाज अगदी त्यांचाच होता.

गुणवंतराव समोर खिडकीत बसले होते. माझ्याकडे बघत मान हलवत होते, नको, नको…

दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.