परतीची तार

दिवा बारीक करा, आणि मध्ये मध्ये "खरंच का?" असं विचारू नका. खोटं सांगायचं असतं तर मी जेवून सरळ झोपलो असतो. ही हकिगत वहाब मिस्त्रीची आहे.

मोताळ्याला वहाबचं आणि इंद्रभानचं भागीत दुकान होतं, ट्रक-जीपच्या वायरिंगचं. एक मुसलमान, एक कुणबी, पण दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. वहाबला हाक मारली की ओ इंद्रभान द्यायचा, इतकं सख्य.

साल पंच्याहत्तर. जवळच्या धरणात गाळ किती साचला ते मोजायला एक लोखंडी मोटारबोट आली. सोबत खोक्यांमधून यंत्रं आली. पाण्याची खोली सांगणारं एक यंत्र, त्याचा काटा चालकाच्या डोळ्यांसमोर. एक वायरलेस, त्याचा जोडीदार संच काठावरच्या तंबूत. शिवाय भोंगा आणि झोताचा दिवा. हे सगळं एका बॅटरीवर, एकमेकांशी जुळवून बसवायचं होतं. आपल्या जिल्ह्यात बोटीचा वायरमन कुठून मिळणार? धरणाच्या साहेबानं या दोघांना बोलावलं.

आता ट्रकच्या मिस्त्रीला एक सवय असते. तो बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच तार नेतो. परतीची तार टाकतच नाही, ट्रकचं लोखंडी अंगच परतीचं काम करतं. बोटीत हे चालायचं नाही, असं वहाबनं पहिल्याच दिवशी बजावलं. सगळ्या यंत्रांच्या परतीच्या तारा एका बोल्टवर आणल्या आणि इंजिनच्या थरथरीनं तो बोल्ट सुटला, की काटा होता तिथेच अडकणार, भोंगा, वायरलेस, सगळंच एका दमात बंद.

"परतीच्या तारा तू टाक," तो इंद्रभानला म्हणाला. "एकेका यंत्राले येगळी. बॅटरीपावतर."

"मले शिकवतं का बे?" इंद्रभान हसला.

बोट चालवायला शेषरावकाकांना नेमलं होतं. जातीचे भोई, पूर्णेवर नाव हाकण्यात हयात गेलेली. पाण्यात बांबू घालून तळ ओळखायचे. धरणाच्या पोटात एक अख्खं गाव बुडालेलं होतं, कुठे देवळाचं जोतं, कुठे पडक्या गढीची भिंत. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नसे. काटा न्याहाळत काकांनी विचारलं, "वहाब, हा खोटं त नाही ना बोलनार?"

"माह्या हातचा हाय, काका. तुमी बांबू काठावरच ठेवा."

पोळ्याच्या सकाळी वहाब बोटीवर पोचला, तेव्हा इंद्रभाननं तारांवर लाकडी फळ्या ठोकूनसुद्धा टाकल्या होत्या. घरी बैल धुवायचे होते, शिंगं रंगवायची होती, गडी घाईत होता. वहाबनं फळी उचकटायला पेचकस लावला.

इंद्रभानचा चेहरा उतरला. "माह्यावर भरोसा नाही?"

"तसं नाही बे. एकडाव पाहून घेतो."

वहाबला हाताला धरून इंद्रभाननं घरी नेलं. दारात बैल अजून धुवायचेच उभे होते. त्यानं थोरल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला. "याची आन घेऊन सांगतो. दोन-दोन तारा टाकल्या. आता तरी?"

पोळ्याच्या दिवशी, बैलाच्या मानेवर हात ठेवून! त्यानंतर फळी उचकटणं म्हणजे कुणब्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. तुम्ही उचकटली असती? खोटं बोलू नका. वहाबनं पेचकस खिशात घातला आणि इंद्रभानच्याच ओसरीत बसून पुरणपोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. चाचणी अजून दोन दिवसांनी होणार, असं वहाबला माहीत होतं. तंबूतल्या संचाची एरियल तेवढी ताणून घ्यावी म्हणून तो दिवेलागणीला सायकलनं निघाला. अवस नुकतीच सरलेली, आभाळात चंद्र नाही. धरणाच्या भिंतीवर चिटपाखरू नव्हतं. बोट जागेवर नव्हती. पलीकडच्या काठाला नेली असेल, असं समजून तो तंबूत शिरला.

संच खरखरत होता. कुणीतरी चालू ठेवून गेलं, म्हणून त्यानं मनात शिवी हासडली आणि हात पुढे केला. तेवढ्यात आवाज आला.

"वहाब..."

शेषरावकाका. आवाज लांबून, पण स्वच्छ. वहाबला आनंदच झाला. संच बोलत होता! त्यानं बटण दाबलं.

"बोला काका! अंधारात कायले गेले तुमी?"

खरखर.

"काटा वीस हात दाखवून राह्यला..."

"मंग चांगलंच हाय की."

बराच वेळ काही नाही. नुसती खरखर. मग...

"खाली दगड हाय, वहाब."

वहाबचा हात बटणावरच राहिला.

"भोंगा वाजवून पाह्यला... वाजत नाही. तुले किती हाका मारल्या... कोनी आयकत नाही..."

"आयकून राह्यलो ना काका! कोठी हाय तुमी? मी मानसं धाडतो!"

"तुह्या हातचा हाय ना काटा?"

"माह्या हातचा... पन परतीच्या तारा... इंद्रभाननं टाकल्या. दोन-दोन टाकल्या, काका. आन घेतली त्यानं."

खरखर थांबली.

पूर्ण शांत.

मग अगदी हळू. अगदी कानाशी.

"टाकल्या?"

तंबूच्या दारात उजेड पडला. कडूबा चौकीदार कंदील घेऊन उभा होता.

"वहाबभाई, कोनासंगं बोलता?"

"शेषरावकाकांसंगं. बोट मधातच अडकली त्यायची..."

कडूबा पुढे आलाच नाही. तिथूनच म्हणाला, "काम झालं म्हनून इंद्रभान सकाळीच साहेबाले सांगून आला. दुपारी काकानं एकट्यानं बोट काढली. गढीच्या भिंतीवर फाटली. मानसं तिकडच्या काठावर... अजून शोधून राह्यले काकाले."

वहाबनं संचाकडे बोट दाखवलं.

कडूबानं कंदील खाली नेला. संचाच्या मागे दोन तारा मोकळ्या लोंबत होत्या. बॅटरी नव्हती.

"चार वाजताच नेली," कडूबा म्हणाला. "तिकडं उजेड कराले."

शेषरावकाका तिसऱ्या दिवशी सापडले. मग दोर लावून बोट ओढली, काठावर आणली आणि साहेबानं सगळ्यांसमोर फळ्या काढायला लावल्या. आत एकेकच तार होती. परतीचे सगळे तुकडे लोखंडी अंगावरच्या एका बोल्टखाली कोंबलेले, आणि बोल्ट इतका सैल की बोटानं फिरत होता.

"हे कोनाचं काम?" साहेबानं विचारलं.

वहाबनं इंद्रभानकडे पाहिलं. चूक केलीस, घाई केलीस, माणूस आहेस, पण आता तरी तोंड उघड, असं त्याला मनातून ओरडावंसं वाटत होतं.

इंद्रभान पुढे झाला. पांढरा सदरा, नीट भांग. "वहाबचं, साहेब. मी त घरी बैल धूत व्हतो."

वहाबला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. समोर शेषरावकाकांची म्हातारी, रुक्मिणीबाई, बसली होती. ती वहाबकडे बघत होती आणि तिचा त्या शब्दांवर विश्वास बसला होता. मग मात्र राग आला. इतक्या वर्षांचं ताट, इतक्या वर्षांची ओ. सगळं या माणसानं दोन वाक्यांत विकून टाकलं होतं.

"इंद्रभान," तो एवढंच म्हणाला, "मी तुह्यावर भरोसा ठेवला रे. काकानं माह्यावर."

इंद्रभाननं मान वर केली नाही. तो वळला आणि भिंतीच्या वाटेनं निघाला. ऊन मी म्हणत होतं. वहाबनं पाहिलं, कडूबानं पाहिलं, रुक्मिणीबाईनंही पाहिलं. सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर ओला हात उमटला होता. पाची बोटं वेगवेगळी दिसत होती. मागून कुणी खांद्यावर हात टाकून चालावं, तसा.

वहाबकडे त्यानंतर कुणी ट्रक आणला नाही. तो मलकापूरला गेला, दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली लागला. मोताळ्याचं दुकान इंद्रभाननं चालवलं. पण त्याची बायको मनकर्णाबाई एकदा मलकापुरात वहाबच्या दारी आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून खैरुन्निसाला, वहाबच्या बायकोला, म्हणाली, "बाई, मी सदरा दिवसभर उन्हात टाकते. बाह्या वाळतात, पाठ वाळते. खांदा वाळत नाही. नवा शिवला, त्याचाबी वाळत नाही."